कॅरव्हॅनमधली ओल

हे शिडीवरून कॅरव्हॅनच्या छतावर पाइपने पाणी सोडतायत आणि मी आत, यांच्या उशीपाशी भिंतीवर तळहात टेकवून बसलेय. सकाळीच छताचे सगळे सांधे पुन्हा सीलंटने भरलेत.

“आलं का गं?”

“नाही हो.”

पाणी शिरतं कुठेतरी पुढे, भिंतीच्या आतून सरकत येतं आणि उगवतं थेट उशीशी. माझंही तसंच. चहात साखर जास्त पडली म्हणून मी यांच्यावर ओरडते. तो राग काही साखरेचा नसतो. निवृत्तीनंतर देश बघायला निघालो, आणि बघतोय काय, तर ओल!

“आलं का?” यांचा आवाज पार थकलेला.

माझा तळहात ओला झाला होता.

“नाही. उतरा आता,” म्हटलं, आणि यांच्या उशीच्या जागी माझी उशी ठेवली.