गोंदियाहून समुद्राच्या तळाशी

गोंदियाचा माणूस स्कूबा डायव्हिंग करतो म्हटलं, की समोरचा आधी हसतो, मग चहा मागवतो आणि म्हणतो, सांगा. एक सांगायला घ्यावा, तर त्याची शेपटी धरून दुसरा किस्सा वर येतो. दोन हजार दहानंतर चार-पाच वर्षं आम्ही तिघं वर्षातून एकदा अंदमानला जायचो. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, कल्पना मॅडम माझ्याच विभागातल्या, आणि हेमराज माझा शाळेपासूनचा दोस्त, नागझिऱ्याच्या जंगलात गाईड.

पहिल्यांदा निघताना हेमराजच्या आईनं विचारलं, एवढ्या दूर कायले? दुर्मीळ मासे पाहायला, मी म्हणालो.

"नुसते पाहाले? खाले नाही?"

मग तिनं मॅडमकडे असं पाहिलं, की शिकलेली बाई असून हिलाही समजत नाही.

हेमराज गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पोहायला शिकलेला. पाण्याखाली अंगठा वर केला की 'वर चला' असा अर्थ होतो, हे ट्रेनिंगमध्ये त्याच्या डोक्यावरून गेलं. खूश होऊन तो अंगठा दाखवायचा आणि इन्स्ट्रक्टर त्याला वर काढायचा. असं तीनदा झालं. शेवटी बोटीत तो वैतागून म्हणाला, "मजा येऊन राहिली म्हणून सांगून राहिलो, तं हा मले वरतेच काढून राहिला!"

पण नजर त्याचीच. एकदा त्यानं मूठ वर करून आम्हाला जागीच थांबवलं. समोर फक्त पिवळा स्पंज. पाच मिनिटांनी त्या स्पंजनं जांभई दिली. तो बेडूकमासा होता. मी पुस्तकात चित्र पाहून शिकवत आलो होतो, पण हातभर अंतरावर ओळखला नाही. तुला कसा दिसला, विचारलं. म्हणाला, "बाकी सारं हलून राहिलं होतं. हा एकटाच थांबला होता."

माझी कामगिरी वेगळी. एक गुलाबी, बिनडोळ्यांचा प्राणी मी फोटोत पकडला आणि नवी जात समजून गोव्याच्या एका तज्ज्ञांना पाठवला. उत्तर दोन ओळींचं आलं: डावीकडचा खेकडा नेहमीचा आहे. उजवीकडे तुमचं बोट आहे.

मॅडम मात्र पहिल्या ट्रिपपासून एकाच प्राण्याची वाट पाहत होत्या: समुद्रगाय. शेवटच्या ट्रिपच्या शेवटच्या दिवशी, उथळ पाण्यातल्या गवतावर ती दिसली. शांतपणे चरत होती, पोटाशी पिल्लू. मॅडमनी पाण्यात लिहायच्या पाटीवर नाव, वेळ, खोली, सगळं लिहिलं.

वर येऊन आमच्या बोटीत बसलो, तर शेजारी पर्यटकांची मोठी मोटरबोट. गाणी जोरात, सगळ्यांच्या हातात कॅमेरे. त्यांच्यातल्या एकानं वाकून विचारलं, "कुछ दिखा क्या नीचे?"

हेमराज म्हणाला, "घास है."

त्या माणसानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

"हाँ," त्या म्हणाल्या. "बहुत घास है."