कोरियाचे डोंगर आणि सुहासचा सूर्य

३ फेब्रुवारी २००६, एश्बॉर्न, जर्मनी. उणे चार, वारा नाही, फुटपाथवर कालचाच बर्फ.

ऑफिसातले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शेजारच्या टेबलावर एक घाबरलेला माणूस असला की पुरे. आमच्या नकाशांच्या ऑफिसात तो माणूस म्हणजे पुण्याचा सुहास. त्याची प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ, संपत आलेला. बायको केतकी पुण्यात. याची नोकरी टिकली तरच तिला व्हिसा. आणि हातात शेवटचं काम, दक्षिण कोरियातल्या खाणींचा नकाशा.

स्क्रीनवर तो देश उघडला आणि मला म्हणाला, "ताई, यांनी सपाट जागा ठेवलीय कुठे?"

मी पश्चिमेच्या कडेची चिंचोळी पट्टी दाखवली. एवढ्यात भातही आणि शहरंही? दिवसभर स्वतःची सोडून तो त्या लोकांचीच काळजी करत बसला.

*

डोंगर त्याने तपकिरी रंगवले, आपल्या शाळेच्या नकाशात असतात तसे. आमच्या बॉस फ्राउ केलर यांनी उपग्रहाचा फोटो शेजारी ठेवला. गर्द झाडी.

मी म्हटलं, "हा मे महिन्यातला सह्याद्री झाला रे."

रात्री त्याला जेवण गेलं नाही म्हणे.

*

मग नद्या. पूर्वेला डोंगर जवळजवळ समुद्रात उतरतो, म्हणून मोठ्या नद्या पश्चिमेला नाहीतर दक्षिणेला जातात. एखादी आपल्या हातून उलटी वाहिली तर? ही धास्ती त्याने फोनवर केतकीला सविस्तर सांगितली. तिचं उत्तर त्यानेच मला ऐकवलं.

"नद्या कुठेही जाऊ देत. मी राजीनामा दिलाय."

*

शेवटी डोंगरांच्या सावल्या. नकाशात उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून टाकतात. डोळ्याला तीच सवय. उलटा टाकला तर डोंगर खड्ड्यासारखे दिसतात. मी हे सांगितलं तेव्हा सुहासने मान हलवली. पण घरी जाऊन विचार केला. कोरियात सूर्य वायव्येला कधीच चढत नाही. आता चूक नकोच, म्हणून सकाळी लवकर येऊन त्याने उजेड आग्नेयेकडून टाकला आणि नकाशा थेट छापायला पाठवला.

मी तो पाहिला बैठकीच्या टेबलावर, नकाशा मागवणाऱ्या, कोरियाहून आलेल्या पाहुण्यांसमोर. अख्खी पर्वतरांग खोल गेलेली. कोळशाच्या खाणी खड्ड्यांच्या तळाशी. फ्राउ केलर यांनी चष्मा काढून ठेवला.

पाहुण्यांमधले सर्वांत वयस्कर गृहस्थ जुने खाण-इंजिनियर होते. त्यांनी नकाशावरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग सावकाश इंग्रजीत म्हणाले, "बरोबर आहे. आयुष्यभर आम्ही कोळसा काढला. आतून डोंगर असाच झालाय."

कुणी हसलं नाही.

पाहुण्यांनी तो नकाशा ठेवून घेतला आणि दुरुस्त केलेला दुसरा मागवला. सुहासला कायम केलं नाही, एका वर्षाचा करार दिला. केतकीला व्हिसा मिळाला, तोही एका वर्षाचा.