निळीच्या बदल्यात मधाळ

जुनी काच जमवायचं खूळ नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदारकाकांनी एक निळी फुलदाणी माझ्या हातात दिली. "वजन बघ गो! तोंडाने फुंकून केलेली. शंभर वर्षांपूर्वी बोटीतनं आलेली." घेतली मी.

गणपतीत घरभर पाहुणे असताना मिरवली. माझा मामा लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लॅबसाठी काचेच्या नळ्या फुंकून देतो. त्याने फुलदाणीवरून नख फिरवलं आणि हसत सुटला. "साच्यातली आहे गो बाय. ही बघ जोडाची रेघ." तेव्हापासून चुलतभाऊ मला "बोटीतली" म्हणून हाक मारतात.

त्याच दिवशी ठरवलं, या काकांचा भर दुकानात पचका करायचा.

मामाकडून शिकले. आधी नखाने रेघ शोधायची. मग तळ बघायचा. फुंकलेल्या भांड्याला तिथे, घडवताना धरायची सळई तोडल्याचा खरखरीत वण असतो. जुनं असेल तर बारीक ओरखडे आडवेतिडवे पडलेले असतात, मुद्दाम घासलेले असले की सगळे एकाच दिशेला. वर्षभर जाईन तिथे बरण्या उलट्या केल्या. एका मावशीच्या लोणच्याचं तेल सांडलं, तिने परत चहा विचारला नाही. काकांची नक्कलही बसवली, तिरक्या मानेसकट.

मग निळी पिशवीत घालून काकांच्या दुकानात गेले. पुण्याचं एक जोडपं मधाच्या रंगाची फुलदाणी बघत होतं. काकांचं सुरूच होतं, "बोटीतनं आलेली..."

"बघू," म्हणून मी ती घेतली. नख फिरवलं, रेघ नाही. तळाला वण. ओरखडे आडवेतिडवे. मेल्याकडे नेमकी आजच खरी!

जोडपं माझ्याकडे बघत होतं. मी मान तिरकी केली. "वजन बघ गो! शंभर वर्षांपूर्वीची, कालच साच्यातनं निघाली!"

बाई फिसकन हसल्या. दोघं निघून गेले. काका फुलदाणी उलटसुलट करत राहिले. त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

"खरंच साच्यातली गो?"

"माझ्या निळीसारखीच. ही निळी ठेवा, ती मला द्या. तुम्हाला काय फरक पडतो?"

दिली त्यांनी. वर कागदात गुंडाळून.

मामा आला तेव्हा मी सगळा प्रसंग आवाजांसकट करून दाखवला. घर हसलं. मामाने फुलदाणीचा तळ अंगठ्याने चाचपला. तो हसला नाही.

"परत देऊन ये."

"नाही देणार," मी म्हटलं. "ते आले होते का मला निळीचे पैसे परत द्यायला?"