वाढलेलं नाव

पान्हिया कुएनं सेंट पॉलच्या कोर्टात न्यायाधीशपदाची शपथ घेतली, तेव्हा तिच्या काळ्या झग्याच्या आत आईनं भरतकाम केलेला कापडी पट्टा होता. कुणाला दिसला नाही. पण पहिल्या रांगेत बसलेल्या आईला तो आत आहे हे ठाऊक होतं, आणि तिला तेवढं पुरे होतं.

आठ वर्षांची पान्हिया थायलंडमधल्या हमोंग निर्वासितांच्या छावणीतून अमेरिकेत, मिनेसोटात उतरली ती ऐन जानेवारीच्या बर्फात, पायात रबरी चपला घालून. वर्षभरात इंग्रजी बोलू लागली आणि अख्ख्या इमारतीची दुभाषी झाली. कुणाचं पोट दुखतंय, कुणाचा हीटर बंद आहे, कुणाला घरमालकानं कागद धाडलाय, सगळ्यांना हीच पोर हवी. दवाखान्यात मोठ्या माणसांची दुखणी सांगताना ती शब्द पुन्हापुन्हा विचारून घ्यायची. आपल्या एका शब्दावर दुसऱ्याचं काय काय अवलंबून असतं, हे तिला फार लवकर कळलं. वकिलीकडे ती तिथूनच वळली असावी. सोळा वर्षं तिनं भाडेकरूंचे खटले लढवले, मग राज्यपालांनी तिला न्यायाधीश नेमलं.

तिचे वडील चोंगयिंग हे कुए कुळातले जुने मध्यस्थ. लग्नाची बोलणी असोत की नवराबायकोचं भांडण, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मिटायचं. लेकीच्या कोर्टाची ते थट्टा करत.

"अनोळखी माणूस कसला न्याय करणार? त्याला कोण थापाड्या आहे तेही ठाऊक नसतं."

"म्हणून तर साक्षीदार बोलावतात, बाबा."

"आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मी सगळ्यांच्या सासवांना ओळखतो."

अशा हसण्यावारी नेलेल्या गोष्टीवरूनच एका रविवारी दोघांत फाटलं.

वालेंग मुआ नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचा खटला तिच्यापुढे आला होता. सरकारी घराच्या अर्जावर 'पूर्वी दुसरं नाव होतं का?' या प्रश्नापुढे त्यानं 'नाही' अशी खूण केली होती, आणि छावणीच्या कागदावर तो नुसता लेंग मुआ होता. शपथेवर खोटं बोलला, असा सरकारी वकिलाचा आरोप. सिद्ध झाला असता तर घर जाणार होतं. त्याच्या बायकोचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असे, आणि दवाखाना त्या घरापासून चालत पाच मिनिटांवर.

जेवताना बाबांनी उकडलेल्या कोंबडीची तंगडी तिच्या पानात वाढली आणि म्हणाले, "तो लेंग आहे ना, पोरी..."

"बाबा, नको. हा खटला माझ्यापुढे आहे."

"एकच वाक्य. लेंग आणि वालेंग एकच माणूस, पहिलं मूल झाल्यावर सासऱ्यानं त्याला मोठेपणाचं नाव..."

ती उठली. अर्धा चिकट भात पानात तसाच.

"मग न्यायाधीश झालीस कुणासाठी?" दारापर्यंत बाबांचा आवाज आला. "बापाचं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाहीस!"

गाडीत बसून ती किती तरी वेळ किल्ली न फिरवता राहिली. ती रीत तिला काय ठाऊक नव्हती? मूल झालं की सासरे येतात, हातात उकडलेली अंडी देऊन मनगटांना दोरे बांधतात, जावयाच्या नावाला पुढून एक शब्द जोडतात. माणूस वाढला, तसं नावही वाढलं. ते दुसरं नाव आहे असं कुठल्याही हमोंग माणसाच्या मनातही येणार नाही. पण म्हाताऱ्याच्या तरुण वकीलबाईला याचा पत्ताच नव्हता. कारकुनाची चूक आहे, एवढंच ती म्हणत होती. आणि पान्हियाला सांगता येत नव्हतं, कारण न्यायाधीशाला स्वतःच साक्षीदार होता येत नाही. गप्प बसून खटला चालवावा? कुणाला कळणार होतं?

तिला कळणार होतं. खटल्याबद्दल बाहेर काहीही कानावर आलं, तर न्यायाधीशानं ते दोन्ही वकिलांना सांगायचं, असा नियम आहे. मंगळवारी तिनं भर कोर्टात बाबांचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. "हे माझे वडील चोंगयिंग कुए मला जेवताना म्हणाले. मी त्यांना थांबवलं." नोंद झाली. खटला तिनं दुसऱ्या न्यायाधीशाकडे सोपवला.

कुळात बभ्रा झाला. लेकीनं बापाचं नाव कोर्टात घेतलं! पुढचे दोन रविवार बाबांनी फोन उचलला नाही. आई दबक्या आवाजात म्हणायची, "मळ्यात गेलेत." बाहेर हातभर बर्फ होतं.

पण ते वाक्य त्या वकीलबाईनंही ऐकलं होतं. ती दुभाष्याला घेऊन थेट बाबांच्या टेबलाशी जाऊन बसली.

बाबांच्या साक्षीच्या दिवशी पान्हिया त्या मजल्यावर फिरकलीसुद्धा नाही. रविवारी बाबांनीच बोलावलं. कोर्टात घातलेला कोट अजून खुर्चीच्या पाठीवर होता.

"सुटला लेंग," तिच्या वाटीत रस्सा ओतत ते म्हणाले. "सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोरे, अंडी, सासरा. माझं पोरपणीचं नावही सांगितलं. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

"आणि?"

"सरकारी वकील म्हणाला, न्यायाधीशबाई तुमची मुलगी ना? काय साक्ष द्यायची ते तिनंच शिकवलं का?"

पान्हियानं चमचा खाली ठेवला.

"मी म्हटलं, शिकवते कसली! माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही तिनं." बाबांनी तंगडी उचलून तिच्या पानात ठेवली. "सगळं कोर्ट हसलं. जेव आता."