अडकलेली चोवीस पत्रं

ललित गावितला आमच्या ऑफिसात सगळे गमतीने ‘हरिश्चंद्र’ म्हणायचे. मीच सुरू केलं होतं ते. सातपूरच्या कारखानदारांनी मिळून चालवलेली आमची संस्था. गरजू मुलामुलींना वर्षभर मशीनवरचं काम शिकवते, राहण्याजेवण्याची सोय करते, वर विद्यावेतन देते. मी तिथे कारकून आणि ललित कॉम्प्युटर सांभाळणारा. तो पेठ तालुक्याच्या डोंगराकडचा. पंधरा वर्षांत ऑफिसातलं एक पेन त्याने घरी नेलं नाही. ओळखीपाळखीने आलेल्या माणसाला तर तो पाणीसुद्धा विचारत नसे.

यंदा ऑफिसातला जुना सर्व्हर बंद पडला, म्हणून ललितने सगळं क्लाउडवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवलं. रविवारी घरचं कार्य सोडून बसला होता. ईमेल जाते की नाही हे बघायला त्याने एक मला पाठवली, एक साहेबांना. दोन्ही झटक्यात आल्या. “झालं मोहिनीताई, आता बिनधास्त पाठवा,” म्हणाला.

सोमवारी मी निवड झालेल्या चोवीस जणांना ईमेलने पत्रं पाठवली. गुरुवारी सकाळी दहाला हजर राहा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

बुधवारी ललितला एक फोन आला. तो माझ्यासमोरच बोलत होता. “मेल नाही आला ना? मग नंबर नाही लागला. नाही, मी यादी बघणार नाही. रडायचं नाही, कामाला लागायचं.” कोण म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, “गावाकडचं आहे कुणीतरी.”

गुरुवारी पंधरा जण आले. सगळे सातपूर, अंबड, सिडकोचे. शहरातली पोरं पत्राची वाट बघत नाहीत, दारात येऊन विचारून जातात. डोंगराकडची नऊ जणं आली नाहीत. साहेब म्हणाले, “या लोकांना संधीची किंमतच नाही.” ललितने मान खाली घातली. मीही काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. दुपारपर्यंत त्या नऊ जागा प्रतीक्षा यादीतल्यांना देऊन टाकल्या.

शुक्रवारी मी माझ्या मुलाला एक कागद ईमेलने पाठवला. तासभर झाला तरी त्याला मिळेना. मी चेष्टेने म्हटलं, “हरिश्चंद्रा, तुझा नवा पोस्टमन झोपलाय वाटतं.” ललितने सर्व्हर उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. आठवडाभरात बाहेर पाठवलेलं एकूण एक पत्र रांगेत तसंच पडून होतं. क्लाउडवाली कंपनी नव्या गिऱ्हाइकांना सर्व्हरवरून थेट बाहेर ईमेल पाठवूच देत नाही, कारण फसवी पत्रं पाठवणारे असेच सर्व्हर भाड्याने घेतात. त्याने चाचणी घेतली ती मला आणि साहेबांना पाठवून, आणि आमचे पत्ते त्याच सर्व्हरवरचे. पत्र घरातल्या घरात फिरलं. बाहेरचा दरवाजा बंद आहे हे कळणार कसं?

त्याने रांगेतल्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. मनीषा महाले.

“ही माझी भाची,” तो म्हणाला. “सखुबाईची. माझ्या थोरल्या बहिणीची. बुधवारचा फोन हिचाच.”

मला त्याचा असा राग आला! ते पत्र मी माझ्या हातांनी पाठवलं होतं. भाची आहे एवढं आधी बोलला असता, तर बुधवारीच मी म्हटलं असतं, अरे, लागलाय तिचा नंबर. पण वशिला म्हणतील या भीतीने त्याने नात्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. असला कसला प्रामाणिकपणा?

साहेबांकडे दोघंही गेलो. प्रतीक्षा यादीतली नऊ मुलं वळकट्या घेऊन राहायला आलीत, त्यांना कोणत्या तोंडाने घालवू, म्हणाले. खरंच होतं ते.

मग ललित कामाला बसला. ईमेल पोचवणारी दुसरी एक सेवा घेतली. पासवर्ड देऊन तिच्याकडे पत्र सोपवायचं, पुढे ती पोचवते. वीस मिनिटांचं काम. रविवारी सुचलं असतं तर! आधी रांगेतली जुनी पत्रं काढून टाकायला हवी होती, पण ते ना त्याला सुचलं ना मला. सेवा जोडताच चोवीसच्या चोवीस पत्रं बघता बघता निघून गेली.

थोड्याच वेळात त्याचा फोन वाजला. त्याच्याकडून तो स्पीकरवर लागला. त्यांच्या पाड्यावर रेंज नाही, पोरगी टेकाडावर चढली असणार, वारा ऐकू येत होता.

“मामा, आलं! माझं नाव हाय! कवा येऊ?”

ललित म्हणाला, “तारीख वाच, बाय.”

तिने तारीख मोठ्याने वाचली.

“मामा, गुरुवार तं काल झाला.”

“हो. चूक माझी आहे. पत्र माझ्याकडेच अडकलं होतं.”

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही.

“पण नंबर लागला होता ना माझा?”

“लागला होता.”

“तेवढं आईला तूच सांग, मामा. तू बुधवारी बोलला तवापासून ती मलाच ढ म्हणते.”