ओपलच्या पेटीत नर सोडताना

"हात धुतलंस का न्हाई, तेवढं आधी सांग."

"धुतलं की, मिस वर्लीन. दोनदा. साबण लावून."

"आन् ह्येच्या पोटात काय हाय?"

"चार दिस झालं, काय न्हाई. अंगानं हलकाच बरा म्हनला तुमीच."

वर्लीन टॅकेटनं हॉईटच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याकडं बघितलं. गाठ मारलेल्या कापडात त्याचा नर साप, डीकन, सावकाश सरकत होता. टेक्सासच्या त्या कोरड्या मुलखात पाळीव साप असाच न्यायचा-आणायचा रिवाज, अभ्र्यात घालून, मोटारीच्या शेजारच्या शिटावर ठेवून. आणि नर-मादी लावायची झाली की चार तालुक्यांतली माणसं वर्लीनच्याच शेडात येत.

सव्वीस वर्षं तिनं शाळेची बस हाकली होती. साप त्याच्याही आधीपासूनचे. लहानपणी मामाबरोबर कलत्या उन्हात रस्त्यावर ऊब घ्यायला आलेले साप उचलायला जायची, तेव्हा लागलेला नाद सुटला नाही. नवरा एकदा म्हणाला, साप तरी राहतील नाहीतर मी तरी. वर्लीननं त्याची बॅग भरून दिली. साप निदान जेवायला काय केलंय म्हणून विचारत नाहीत, असं ती वर सांगायची. एकोणीस वर्षांत तिच्या हातून लावणीच्या वेळी एकही साप गेला नव्हता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून तर हॉईट आला होता. डीकन किंगस्नेक जातीचा, म्हणजे सापांनाच खाणारा साप. त्यात मादी जाडजूड, नर किरकोळ. चुकीच्या घडीला सोडला तर नवरदेवाचा घास व्हायला वेळ लागत नाही. आणि हॉईटजवळ आता डीकनशिवाय दुसरा नरच नव्हता. गेल्या हिवाळ्यात बर्फानं चार दिवस वीज गेली तेव्हा त्याचे एकवीस साप पेट्यांमध्ये लाकडासारखे ताठ झाले. हा एकटा त्यानं सदऱ्याच्या आत पोटाशी धरून वाचवला. बापानं जपलेली जात होती ती. डीकन गेला की जात संपली.

वर्लीननं आपली बाजू चोख केली होती. तिच्या मादीनं, ओपलनं, दहा दिवसांपूर्वी कात टाकली होती. परवा दोन उंदीर, काल एक. आज सकाळी चौथा पुढ्यात धरला तर तिनं तोंड फिरवलं. पोट भरलेलं होतं. हाताशी लोखंडी आकडी होती, टॉवेल होता आणि व्हिस्कीची छोटी बाटली होती. चर्चात जाणारी बाई असून घरात व्हिस्की कशी, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, सापांना धर्म नाही.

"सोड," ती म्हणाली. "तिच्या शेपटीकडनं."

हॉईटनं गाठ सोडली. काळाभोर, पिवळ्या ठिपक्यांचा डीकन कागदावर घरंगळला आणि जीभ लवलवत पुढं निघाला. ओपलनं मान उचलली. तिचीही जीभ बाहेर आली. एकदा. दोनदा. मग ती थांबली.

लावणीला आलेली मादी अंग ढिलं सोडते. ही आखडली होती. वर्लीननं आकडी घालेपर्यंत ओपलनं झडप मारली, डीकनला मानेखाली धरलं आणि दोन वेढे टाकले.

हॉईटचा हात पेटीत गेला. वर्लीननं तो मनगटाशी पकडला.

"वडू नगंस. दात आत वळल्यालं असत्यात. वडलंस तर फाटंल त्यो."

"खातीया ती त्येला!"

"दिसतंय मला. शेपूट धर तिची आन् येढं उलटं सोडव. घाई करू नगं."

हॉईट वेढे सोडवू लागला. एक वेढा सुटला की दुसरा आवळायचा. डीकनचं तोंड उघडं पडलं होतं. वर्लीननं बाटलीचं बूच दातानं काढलं, ओपलच्या जबड्याच्या कोपऱ्यात दोन थेंब सोडले, झोंबून तिनं तोंड उघडावं म्हणून, आणि वाट बघितली. काही नाही. आणखी दोन. शेडात फक्त पंख्याचा आवाज. मग ओपलनं जबडा फाकला, डोकं झटकलं, आणि वर्लीननं डीकनला अलगद टॉवेलात घेतलं.

तो निपचित होता. ती त्याच्या छातीशी अंगठा ठेवून उभी राहिली. बऱ्याच वेळानं अंगठ्याखाली काहीतरी हललं. टॉवेलातनं जीभ बाहेर आली.

वर्लीननं मग खाली पडलेला अभ्रा उचलून नाकाशी नेला.

"ह्यात आधी काय व्हतं?"

हॉईटनं टोपी काढली, परत घातली. सकाळी शेजारणीच्या खुराड्यात धामण शिरली होती. ती ह्याच अभ्र्यात घालून ओढ्याकडं सोडली, आणि दुसरा अभ्रा शोधायचा कंटाळा केला.

"मंजी तू हात धुतलंस," वर्लीन म्हणाली, "आन् नवरदेवाला धामणीचा रस्सा लावून पाठीवलंस. तिचा काय दोष? म्या बी खाल्ला असता."

हॉईट हसला नाही. तिलाही हसू आलेलं नव्हतं. अभ्रा कुठला, हे तिनं विचारायला हवं होतं. एकोणीस वर्षांत विचारायची वेळ आली नव्हती, म्हणून राहून गेलं.

डीकन तिच्याकडंच राहिला. रोज कोमट पाण्यात अंघोळ, जखमांना मलम. नवव्या दिवशी तिनं, ओपलचा वास त्याला लागावा म्हणून, तिच्याच पेटीतला मळका कागद डीकनच्या पेटीत अंथरला आणि त्याला रात्रभर त्यावर लोळू दिलं. दहाव्या दिवशी हॉईट आला तो रिकाम्या हातानं, आणि दारातच थांबला.

ओपलनं मान उचलली. जीभ एकदा, दोनदा. वर्लीननं आकडी हातात घेतली. मग त्या जाड अंगातला ताठा उतरला. डीकन तिच्या पाठीवर चढला, झटके देत पुढं सरकला आणि त्यानं तिची मान तोंडात धरली. हॉईट पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लावताना नर मान अशीच धरतुया. आता धरलंय ते त्येनं."

शेपट्या एकमेकींत गुंतल्या. हॉईट गुडघ्यावर बसून बघत राहिला. वर्लीन पाच मिनिटं थांबली, आकडी त्याच्या हातात दिली, सुटल्यावर नर लगेच बाहेर काढायचा म्हणून बजावलं, आणि पलीकडच्या फळीवरच्या चौदा पेट्यांमधल्या पाण्याच्या वाट्या घासायला घेतल्या.