व्हर्नाच्या बंदुकीचं फुटकं कडं

व्हर्ना स्कोगेन तापट आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, आणि तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. हिवाळाभर ती काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवायची. खिंडीत कुणी पाहुणा रस्त्यात गाडी लावून डोंगराचे फोटो काढताना दिसला, की काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग तीच बाई खाली उतरून बर्फावर घसरू नये म्हणून त्याच्या चाकांना साखळ्या चढवून द्यायची, शिव्या चालू ठेवून.

लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एका वेंडलला सांभाळून दमले. दुसरा कशाला?"

वेंडल तिचा धाकटा भाऊ. बाहेरगावच्या हौशी शिकाऱ्यांना घोड्यांवरून डोंगरात नेणं हा त्याचा धंदा. बोलायला गोड, दिसायला देखणा, आणि कुठलीही वस्तू मोडली की ती झाकून ठेवायची किंवा नवी आणायची, मोडल्याचं मात्र कबूल करायचं नाही. खोगीर असो, ट्रक असो, संसार असो. दोन संसार त्याने असेच बदलले होते. व्हर्नाचं उलट. तिच्या घरातली किटलीसुद्धा बापाने कान जोडलेली होती.

बंदूकही बापाचीच. तिच्यावर नेम धरायची एक जुनी युरोपातली दुर्बीण होती, हल्लीच्या दुर्बिणींपेक्षा नळीने किंचित बारीक. दोन पोलादी कडी ती दुर्बीण बंदुकीला घट्ट धरून ठेवायची. दर वर्षी नोव्हेंबरात व्हर्ना त्या बंदुकीने एक एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारायची आणि वर्षभर तेच मांस खायची. वीसेक वर्षांत तिने क्वचितच दुसरी गोळी झाडली होती.

त्या वर्षी मात्र घात झाला. सकाळी उतारावर एक मोठा नर चरत होता. अंतर ओळखीचं, वारा तोंडावर. तिने खांद्यामागे नेम धरला, श्वास सोडला आणि घोडा दाबला. एल्क पाठीतून वाकला, अडखळला आणि झाडीत शिरला. गोळी पोटात लागली होती, हे तिला त्याच्या चालीवरूनच कळलं.

"नाही, नाही, नाही," ती मोठ्याने म्हणाली.

मग दिवसभर ती त्याच्या मागे होती. बर्फावर रक्ताचे थेंब, थोडं पुढे हिरवट घाण, जिथे तो बसला तिथे वितळलेला खळगा, आणि ती जवळ पोचली की पुन्हा उठून गेल्याच्या खुणा. उन्हं कलताना ओढ्याकाठच्या झुडपांत तो सापडला. उभा राहायची ताकद नव्हती. मान वर करून तिच्याकडे बघत होता. व्हर्ना इतकी जवळ गेली की दुर्बिणीची गरजच उरली नाही. गोळी झाडली आणि तिथेच बर्फात गुडघ्यांवर बसली. रडायला येत होतं, पण त्याआधी राग आला. पहिल्यांदा स्वतःचा. निघण्याआधी एक गोळी झाडून नेम तपासायला काय झालं होतं? सप्टेंबरात तपासला होता, तेवढ्यावर विसंबली.

मग तिने बंदूक मांडीवर घेऊन दुर्बीण हलवून पाहिली. ती हलली. पुढच्या कड्याचा, जिथे स्क्रू बसतो तो कान, तडकला होता. तड्यात डिंक भरला होता, आणि वरून काळा रंग फासला होता. नीटनेटका, काळजीपूर्वक फासलेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वेंडल तेव्हा तबेल्यात घोड्याचे खूर बघत होता. एल्क तिथेच साफ करून ठेवून, हातांवर वाळलेलं रक्त तसंच घेऊन ती दारात उभी राहिली.

"ताई!" तो हसून म्हणाला. "मिळाला वाटतं यंदाही?"

"ताई म्हणू नकोस. माझी बंदूक कधी नेलीस?"

"कुठली बंदूक?"

तिने बंदुकीवरचं तडकलेलं कडं त्याच्या नाकासमोर धरलं. तो खूर सोडून उभा राहिला. "ते... गेल्या महिन्यात तू बर्फाच्या ट्रकच्या ट्रेनिंगला गेली होतीस ना, तेव्हा. एका पाहुण्याची बंदूक विमानवाल्यांनी हरवली. माणूस बिचारा इतक्या लांबून आलेला. दगडांवर घसरला तो. बंदूक आपटली जराशी."

"जराशी?"

"मी सांगणार होतो गं. म्हटलं मोसम संपला की गुपचूप नवं कडं आणून बसवतो. पण दुकानदार म्हणतो या मापाचं आता येतच नाही. ते जाऊ दे, मी तुला अख्खी नवी दुर्बीणच घेतो! याच्याहून झकास."

"दिवसभर पोटात गोळी घेऊन फिरत होतं ते जनावर, वेंडल! दिवसभर! त्याला दाखव तुझी झकास दुर्बीण!"

घोडा बुजला. वेंडलने त्याच्या मानेवर हात ठेवला.

"नवीन काही आणायचं नाही," व्हर्ना म्हणाली. "हेच कडं तू जोडायचंस. तुझ्या हाताने, बाबांच्या टेबलावर, माझ्यासमोर."

"मला जमतं का ते? जोडकाम तुझं."

"बाबांनी दोघांनाही शिकवलं होतं. तू पळून जायचास."

आधी मात्र तिने त्याला घोडे घेऊन ओढ्यावर नेलं. मांस त्याला वाहायला लावलं, आणि घाण लागून वाया गेलेला भाग कापून टाकायचं कामही त्यालाच दिलं. वाटेत तो दोनदा काहीतरी विनोद करायला गेला आणि दोन्ही वेळा निम्म्यात थांबला.

रविवारी तो टेबलाशी बसला. व्हर्ना स्टोव्हपाशी हाताची घडी घालून उभी. त्याने डिंक खरवडला, तड्याला बारीक कानस मारली, दुर्बिणीच्या नळीच्या मापाच्या सळईला, जोड तिला चिकटू नये म्हणून, काजळी फासून तिच्यावर कडं आवळलं, टाकणखार लावला आणि जाळाचा झोत सोडणारी गॅसची बत्ती पेटवली. चांदीचा डाख वितळला खरा, पण आत न शिरता गोळे होऊन वरच बसला. गार झाल्यावर व्हर्नाने कडं हातात घेऊन पिळलं. कान निखळून पडला.

"पुन्हा."

"अगं, दिसायला तर बरं झालं होतं—"

"दिसायला! तुझं सगळं आयुष्य दिसायला बरं आहे. तड्यात अजून डिंक आहे. पुन्हा!"

दुसऱ्या खेपेला त्याने जाळ इतका दिला की डाख करपला. त्याने बत्ती आपटली. "मला माहितीये तुला काय हवंय. मी नाक घासावं, एवढंच! म्हणून तर सांगत नाही मी कधी काही. काही मोडलं की तू बघतेस ना, अगदी बाबांसारखी बघतेस. आठ वर्षांच्या पोराकडे बघावं तशी."

"मग आठ वर्षांच्या पोरासारखा रंग का फासतोस?"

 तिला त्याच्या बोलण्यातलं काहीतरी लागलं होतं, पण ते कबूल करायच्या मनःस्थितीत ती नव्हती. ती बाहेर गेली, गरज नसताना लाकडं फोडली, घामाघूम होऊन परत आली. वेंडल उठून गेला असेल असं तिला वाटलं होतं. तो तिथेच होता. तडा पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत त्याने पुन्हा कानस मारली होती, आणि आता बत्ती लांब धरून सगळं कडं सावकाश तापवत होता. पोलाद अंधुक लाल झालं आणि डाख पाण्यासारखा तड्यात शोषला गेला.

"आता हात लावू नकोस," ती म्हणाली. "फुंकूही नकोस. आपोआप निवू दे."

निवल्यावर तिने पिळून पाहिलं. मग व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून पिळलं. कान जागचा हलला नाही. उरलेलं घासकाम संध्याकाळपर्यंत त्यानेच केलं, आणि स्क्रू आवळताना एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं, असं ती म्हणेल तसं आवळलं. दुसऱ्या दिवशी खाणीजवळच्या मोकळ्या जागेत तिने निशाणावर गोळ्या झाडल्या. भोकं एकमेकांना खेटून पडली.

"शाब्बास म्हणशील की नाही?" वेंडलने विचारलं.

"नाही."

ती खरंच म्हणाली नाही. तो सबंध हिवाळा तिने त्याला रविवारच्या जेवणाला बोलावलं नाही. बंदुकीच्या कपाटाला नवं कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या गळ्यात गेली. लोक म्हणाले, एवढ्याशा कड्यासाठी सख्ख्या भावाशी अबोला? व्हर्ना त्यांना ओढ्याकाठची गोष्ट सांगायची, तीही आरडाओरडा करून. मग ते विचारेनासे झाले.

वसंतात चिखल सुरू झाला तेव्हा एका सकाळी वेंडल तिच्या पायरीशी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"काल तुझा ट्रेलर न विचारता नेला होता. दांडा वाकला, आणि जोडाला चीर गेली आहे. रंग लावलेला नाही. तुला सांगायला आलोय."

व्हर्ना इतकी ओरडली की कुत्रा ट्रकखाली जाऊन बसला. निर्लज्ज म्हणाली, चोर म्हणाली, बापाचं नाव काढून काय काय म्हणाली. वेंडल ऐकत उभा राहिला. पायरी सोडून गेला नाही. तिचा श्वास संपला तेव्हा तिने दार सताड उघडलं आणि आत बोट दाखवलं.

"वेल्डिंगच्या कांड्या खालच्या खणात आहेत. बूट काढून ये, फरशी पुसली आहे."